चार पैशांचा बायोडेटा

मार्च २०२३ मध्ये हैदराबादच्या सायबराबाद पोलिसांनी सात जणांना अटक केली. १६ कोटी ८० लाख भारतीयांची वैयक्तिक माहिती या टोळीकडे होती आणि ती ते सर्रास विकत होते, असं पोलिसांनी जाहीर केलं. पुढच्या पंधरवड्यातच फरिदाबादहून हाच धंदा करणारा आणखी एक जण पकडला गेला. त्याच्याकडे २४ राज्यं आणि ८ महानगरांमधल्या ६६ कोटी ९० लाख व्यक्ती आणि संस्थांची माहिती सापडली. ती १०४ प्रकारांत नीट लावून ठेवलेली होती. विद्यार्थी वेगळे, पगारदार वेगळे, वाहनमालक वेगळे, करदाते वेगळे. ज्याला ज्या प्रकारची माणसं हवीत त्याने ती यादी विकत घ्यायची. मार्चच्या प्रकरणात समोर आलेला भाव असा होता: ५० हजार लोकांची माहिती अवघ्या २ हजार रुपयांत. माणशी चार पैसे.

नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाने हा भाव लक्षात ठेवावा. बायोडेट्यात आपण पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल नंबर, ईमेल, शिक्षण, कॉलेज आणि आजवरच्या नोकऱ्या लिहितो. सध्याचा पगार आणि अपेक्षित पगारही लिहितो. आपल्याकडे त्यात वडिलांचं नाव, जातीचा प्रवर्ग, वैवाहिक स्थिती आणि फोटोही असतो. सख्ख्या शेजाऱ्याला आपण इतकं सांगत नाही, पण अनोळखी कंपनीला ते एका क्लिकवर देऊन मोकळे होतो. शिवाय त्या कागदावर न लिहिलेली एक गोष्टही वाचणाऱ्याला कळते, ती म्हणजे या माणसाला आत्ता नोकरीची गरज आहे. ठग पैसे मोजतो ते याच गोष्टीसाठी.

नोकरीच्या फसवणुकीची बातमी आली की चर्चा होते ती बनावट ईमेलची आणि फसलेल्या मुलाच्या भोळेपणाची. पण तो ईमेल ही साखळीची शेवटची कडी आहे. त्याआधी कुणीतरी त्या मुलाची माहिती गोळा केलेली असते, कुणीतरी विकलेली असते आणि कुणीतरी ती सांभाळण्यात कसूर केलेली असते. या सगळ्यांना सोडून फक्त फसलेल्याला दोष देणं अन्यायाचं आहे, आणि त्याने फसवणूक थांबतही नाही. म्हणून ही साखळी पहिल्या कडीपासून समजून घ्यायला हवी.

माहिती बाहेर पडते कुठून?

नोकरीची संकेतस्थळं उमेदवारासाठी बहुधा फुकट असतात. पैसे मोजतात त्या कंपन्या. त्या बदल्यात त्यांना लॉगिन मिळतं आणि लाखो बायोडेट्यांमधून शोध घेता येतो. पुण्यातले, बी. कॉम. झालेले, दोन वर्षांचा अनुभव असलेले, गेल्या आठवड्यात माहिती अद्ययावत केलेले उमेदवार, अशी चाळणी लावली की यादी तयार. हे लॉगिन चांगल्या कंपनीच्या हाती असेल तर मुलांना नोकऱ्या मिळतात. पण कुणी कागदोपत्री कंपनी काढून ते घेतलं, किंवा खऱ्या कंपनीतल्या कुणी पासवर्ड बाहेर दिला, तर तीच चाळणी ठगाच्या हाती जाते. नोकरीच्या नावाने चालणाऱ्या बनावट कॉल सेंटरांच्या तपासात ही वाट पुन्हा पुन्हा समोर आली आहे.

दुसरी वाट गळतीची. मे २०२० मध्ये सायबल या सायबर सुरक्षा कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख भारतीय नोकरी-इच्छुकांची माहिती इंटरनेटच्या काळ्या बाजारात आढळली. ईमेल, फोन नंबर, घरचा पत्ता, शिक्षण, अनुभव असं सगळं त्या २.३ जीबीच्या फाइलमध्ये होतं. तीही विकायला नव्हे, फुकट ठेवलेली होती. टाळेबंदीत लाखो लोकांच्या नोकऱ्या जात असतानाच ही फाइल कुणालाही उतरवून घेता येत होती.

तिसरी वाट म्हणजे आपण स्वतः जाहीर केलेली माहिती यंत्राने उपसून घेणं. जून २०२१ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे ७० कोटी सदस्यांची माहिती विक्रीला आली. आमच्या यंत्रणेत कुणी घुसलेलं नाही, ही लोकांच्या पानांवरून आणि इतर ठिकाणांहून गोळा केलेली माहिती आहे, असं कंपनीने सांगितलं. कंपनीच्या दृष्टीने हा फरक मोठा असेल. ज्याचा नंबर आणि हुद्दा यादीत आला त्याच्या दृष्टीने परिणाम तोच.

चौथी वाट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत कमी ओळखली जाणारी: बनावट जाहिरात. ‘डेटा एंट्रीसाठी ५० मुलं-मुली हवेत, घरबसल्या काम, पगार २५ हजार’ असा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो. खाली गूगल फॉर्मची लिंक असते. फॉर्म भरला की ‘लवकरच संपर्क करू’ असं उत्तर येतं आणि पुढे काहीच घडत नाही. मुलाला वाटतं, निवड झाली नाही. खरं तर तिथे नोकरी नव्हतीच. फॉर्म भरून घेणं एवढाच उद्देश होता आणि तो साधला.

याशिवाय लहानसहान फटी असतातच. गल्लीतल्या प्लेसमेंट कन्सल्टन्सीच्या टेबलावरचा बायोडेट्यांचा गठ्ठा, रोजगार मेळाव्यातली सगळ्यांना दिसणारी नोंदवही, सायबर कॅफेच्या संगणकावर तशीच राहिलेली आधारची पीडीएफ, कॉलेजच्या ग्रुपवर नाव-नंबरासह फिरलेली मुलाखतीची यादी. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण वेगवेगळ्या याद्या मोबाइल नंबरावरून एकत्र जोडल्या की एका माणसाचं पूर्ण चित्र उभं राहतं: शिक्षण एका यादीतून, बँक दुसरीतून, पॅन तिसरीतून. एवढं हाती आल्यावर ठगाला तुमच्याबद्दल अंदाज करावा लागत नाही.

ईमेल कसा रचतात?

पूर्वीचा फसवा ईमेल ओळखू येत असे. ‘प्रिय उमेदवार’ अशी सुरुवात, भाषा मोडकी, नोकरी भलत्याच क्षेत्रातली. आता नावानिशी ईमेल येतो. तुम्ही मेकॅनिकल डिप्लोमा केला असेल तर नोकरी वाहन कारखान्यातली असते. तुम्ही चार दिवसांपूर्वी खरोखरच कुठे अर्ज केला असेल तर ‘आपल्या अलीकडच्या अर्जाच्या संदर्भात’ असं वाक्य असतं. पगार तुमच्या अपेक्षेहून थोडा जास्त. इतकाच की आनंद व्हावा, संशय येऊ नये. सोबत कंपनीचं बोधचिन्ह, शिक्का आणि सही असलेलं ऑफर लेटर. मोठे उद्योगसमूह, विमान कंपन्या, विमानतळ, बँका आणि रेल्वे यांची नावं त्यासाठी सर्वाधिक वापरली जातात, कारण ती घरातल्या वडीलधाऱ्यांनाही माहीत असतात. मुलगा बिचकला तरी घरचे म्हणतात, अरे, एवढी मोठी कंपनी आहे, घालवू नको संधी.

मग फोनवर मुलाखत होते. प्रश्न सोपे असतात आणि निकाल तासाभरात लागतो. त्यानंतर पैशांचा विषय निघतो. पहिली रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात: नोंदणी शुल्क किंवा कागदपत्रं तपासण्याचा खर्च. ती भरली की लॅपटॉपची अनामत, मग प्रशिक्षण, मग विमा, मग जीएसटी. प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’ असते. तिसऱ्या हप्त्यापर्यंत मुलाने इतके पैसे भरलेले असतात की आता मागे फिरलं तर सगळंच बुडेल, ही भीती त्याला पुढे ढकलते. ‘आज संध्याकाळी पाचपर्यंत भरलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल’ हे वाक्य त्याच भीतीवर बेतलेलं असतं. कुणाला विचारायला वेळच मिळू नये, अशी ती व्यवस्था असते.

हा उद्योग किती पद्धतशीर चालतो हे डिसेंबर २०२२ मध्ये ओडिशाच्या आर्थिक गुन्हे शाखेने उघडकीला आणलं. उत्तर प्रदेशातल्या अलीगढमधून चालणाऱ्या या टोळीने गुजरात, कर्नाटक, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल आणि ओडिशातल्या किमान ५० हजार नोकरी-इच्छुकांना फसवल्याचं शाखेने सांगितलं. सूत्रधारांमध्ये अभियंते होते. सरकारी आरोग्य योजनांशी नामसाधर्म्य असलेली संकेतस्थळं त्यांनी बनवली होती. नोंदणी, मुलाखत, प्रशिक्षण अशा नावांखाली प्रत्येकाकडून ३ हजारांपासून ५० हजारांपर्यंत रक्कम घेतली जाई. त्यासाठी हजारांहून जास्त बनावट सिमकार्डं, ५३० मोबाइल आणि सुमारे १०० परक्या नावांची बँक खाती वापरली गेली. कॉल सेंटरमध्ये पन्नासेक जण कामाला होते, महिना सुमारे १५ हजारांवर. नोकरीच्या शोधातल्या तरुणांना फसवण्यासाठी नोकरीची गरज असलेले तरुणच नेमले होते. या धंद्याची मुळं किती खोल आहेत, हे यावरून समजतं.

ओळखीच्या संकेतस्थळाच्या आडूनही हे घडू शकतं. सप्टेंबर २०१८ मध्ये सायबराबाद पोलिसांनी हैदराबादमधल्या एका नोकरी-संकेतस्थळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह १४ जणांना अटक केली होती. देश-विदेशातल्या १ लाखाहून अधिक उमेदवारांकडून सुमारे ७० कोटी रुपये उकळल्याचा आरोप त्यांच्यावर होता. बायोडेटा जिथे विश्वासाने ठेवला, त्याच दारातून फसवणूक आल्याचा हा आरोप आहे.

शिकलेली माणसं का फसतात?

‘नोकरीसाठी पैसे मागितले म्हणजे फसवणूक’ हा नियम सांगायला सोपा आहे. पण आपल्याकडच्या मुलांचा रोजचा अनुभव वेगळा आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या. अर्ज १० लाखांहून जास्त आले आणि परीक्षा शुल्क खुल्या वर्गासाठी १,००० रुपये, मागासवर्गीयांसाठी ९०० रुपये होतं. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. वर्षभरात पाच-सहा परीक्षांचे अर्ज भरणाऱ्या मुलाला नोकरीआधी पैसे भरण्याची सवयच लागलेली असते. सरकारच शुल्क घेतं, तर कंपनीने दोन हजार मागितले यात त्याला वावगं वाटत नाही. एका जागेमागे शे-दोनशे जण उभे आहेत हेही त्याला ठाऊक असतं. अशा वेळी एखाद्याने नावानिशी बोलावलं, तर विश्वास ठेवावासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

२०२२ च्या जून-जुलैत तमिळनाडूतल्या किमान २८ जणांना नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या वेगवेगळ्या फलाटांवर रोज आठ तास उभं करण्यात आलं. किती गाड्या आल्या, किती गेल्या आणि त्यांना डबे किती होते, हे मोजायचं. तिकीट तपासनीस, वाहतूक सहायक, लिपिक अशा रेल्वेतल्या पदांसाठीचं हे प्रशिक्षण आहे, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांची वैद्यकीय तपासणीही झाली होती. महिनाभर त्यांनी गाड्या मोजल्या. या नोकऱ्यांसाठी त्यांनी मिळून २ कोटी ६७ लाख रुपये दिले होते. हे तरुण आळशी नव्हते, मूर्खही नव्हते. मिळालेलं काम ते प्रामाणिकपणे करत होते. त्यांचा प्रामाणिकपणाच त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

फसलेला माणूस शरमेने गप्प बसतो, आणि ठगांना नेमकं तेच हवं असतं. आपल्या पाहण्यातही असं कुणी असतं. घरच्यांना कळू नये म्हणून मित्रांकडून उसने घेऊन हप्ते भरत राहतं. त्याला पहिल्यांदा ऐकू यायला हवं ते हे, की चूक तुझी नाही. तुझ्याबद्दल सगळं माहीत असलेल्या माणसाने ठरवून तुला गाठलं.

पैशांपलीकडचं नुकसान

दोन-चार हजार रुपये गेले आणि धडा मिळाला, इतक्यावर हे संपत नाही. दिलेली कागदपत्रं ठगाकडेच राहतात. आधार, पॅन, फोटो आणि सहीचा नमुना यांच्या जोरावर कुणी ऑनलाइन कर्ज काढतं, कुणी सिमकार्ड घेतं. ‘पगार जमा करायला’ म्हणून तुमच्याकडून उघडून घेतलेलं खातं दुसऱ्या फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलं जातं. कधी हेच काम ‘पेमेंट प्रोसेसिंग’ अशा भारदस्त नावाने नोकरी म्हणून देतात: खात्यात आलेली रक्कम पुढे पाठवायची आणि टक्केवारी ठेवून घ्यायची. एक दिवस खातं गोठतं आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस येते. फसवला गेलेला मुलगा कागदोपत्री आरोपीच्या रांगेत जाऊन बसतो.

दुसरा प्रकार ‘टास्क’चा. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, प्रत्येकी ५० रुपये मिळवा. सुरुवातीला पैसे खरोखर खात्यात येतात आणि विश्वास बसतो. मग टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथले बाकीचे ‘सदस्य’ रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात, आणि तेही त्याच टोळीचे असतात. पुढची कामं आधी पैसे भरून करायची असतात. रक्कम हजारांतून लाखांत जाते. संकेतस्थळावर नफा दिसत राहतो, पण काढता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा अर्धवेळ नोकरीच्या आणि गुंतवणुकीच्या नावाखाली लुटणाऱ्या शंभरहून अधिक संकेतस्थळांवर एकाच वेळी बंदी घातली.

तिसरा प्रकार डेटा एंट्रीचा. ऑनलाइन करारावर सही घेतात आणि मजकूर टाइप करायला देतात. आठवड्याने ‘तुमच्या कामात चुका आहेत, करार मोडला’ असं सांगून वकिलाच्या नावाने बनावट नोटीस पाठवतात. इथे पैसे नोकरीच्या आशेने जात नाहीत, कोर्टाच्या धास्तीने जातात. घरकाम सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गृहिणी आणि शिकणाऱ्या मुली यात मोठ्या संख्येने सापडतात.

सगळ्यांत भीषण टोक देशाबाहेर आहे. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ अशा पदांचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेलं जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. म्यानमारच्या सीमेवरचं म्यावाडी, कंबोडिया, लाओस इथल्या कुंपणबंद वसाहतींत या तरुणांचे पासपोर्ट काढून घेतले जातात आणि त्यांनाच इतरांना फसवायला बसवलं जातं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून ६० हून अधिक भारतीयांची सुटका केली आणि पाच जणांना अटक केली. या सगळ्यांचा प्रवास सुरू झाला होता तो चांगल्या पगाराच्या एका प्रस्तावापासून.

कायदा काय म्हणतो?

संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्याची ओळख वापरण्यासाठी ६६क आहे. सेवेच्या करारातून हाती आलेली माहिती संमतीविना बाहेर देणाऱ्यासाठी ७२अ आहे. बायोडेटे विकणाऱ्या कर्मचाऱ्याला ते लागू पडतं. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८ आणि ३१९ आहेतच.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती बाळगणाऱ्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्यावर लागू होतील. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, काम संपलं की पुसायची, गळती झाली तर संबंधित लोकांना कळवायचं, अशी ही बंधनं आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोकरी-संकेतस्थळांना आणि कन्सल्टन्सींना ‘माझी माहिती काढून टाका’ असं हक्काने सांगता येईल, हे मोठं पाऊल आहे.

पण नोकरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने या कायद्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की माणसाने स्वतः होऊन सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. कुणालाही दिसेल अशा रीतीने नंबर-पत्त्यासह बायोडेटा इंटरनेटवर टाकला, तर तो गोळा करणाऱ्यावर या कायद्याखाली बोट ठेवता येणार नाही. दुसरी उणीव भरपाईची. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, नुकसान झालेल्याला मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ नुसार पीडिताला भरपाई मागता येते, पण नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलमच रद्द होतं. ज्याची माहिती विकली गेली त्याच्या पदरी काहीच पडणार नसेल, तर तक्रार करायला तो पुढे का यावा? ही तरतूद बदलायला हवी.

जबाबदारी कंपन्यांवरही येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ च्या करारात तत्त्व मांडलं, की खासगी नोकरभरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. हे तत्त्व आपल्याकडे रुजलं असतं, तर ‘नोंदणी शुल्क’ शब्द ऐकताच मुलं सावध झाली असती. नोकरी-संकेतस्थळांनी लॉगिन देण्याआधी कंपनीची कसून पडताळणी करावी, एका वेळी किती बायोडेटे उतरवता येतील यावर मर्यादा घालावी, आणि आपला बायोडेटा कुणी कधी पाहिला याची नोंद उमेदवाराला दाखवावी. यात तंत्रज्ञानाची अडचण नाही, इच्छेची आहे.

आपण काय करावं?

पहिली गोष्ट बायोडेटा हलका करणं. सुरुवातीच्या अर्जात नाव, शिक्षण, अनुभव, शहर, ईमेल आणि एक नंबर एवढं पुरतं. जन्मतारीख, पूर्ण पत्ता, वडिलांचं नाव, आधार, पॅन, बँकेचा तपशील हे नेमणूक खरी ठरल्यावर आणि शक्य तर प्रत्यक्ष कार्यालयात द्यावं. नोकरीच्या अर्जांसाठी वेगळा ईमेल ठेवावा. आधार द्यावंच लागलं तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारी मास्क केलेली प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. नोकरी लागली की संकेतस्थळांवरचा बायोडेटा काढून टाकावा.

दुसरी गोष्ट ईमेलचा पत्ता वाचणं. पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. खरी ओळख ‘अॅट’च्या पुढे असते. तो भाग शेवटाकडून वाचावा. सरकारी पत्ते गव्ह डॉट इन किंवा निक डॉट इन यांनी संपतात. कंपनीच्या नावाला डॅश देऊन ‘करिअर्स’, ‘जॉब्स’, ‘एचआर’ जोडलेलं असेल, किंवा मोठी कंपनी जीमेलवरून ऑफर लेटर पाठवत असेल, तर थांबावं. ईमेलमधल्या नंबरावर खात्री करू नये, कारण तिथे ठगच बसलेला असतो. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडावं, जागा तिथल्या ‘करिअर’ विभागात आहे का पाहावं आणि तिथल्याच नंबरावर विचारावं. सरकारी योजनेच्या नावाने काही आलं तर केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेककडे पडताळता येतं.

तिसरी गोष्ट पैशांची. लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती मंडळ किंवा राज्य सरकारची भरती यांचं परीक्षा शुल्क अधिकृत संकेतस्थळावरच भरायचं असतं आणि ते परीक्षेआधी असतं. निवड झाल्यावर पैसे मागणारा कुणीही असो, त्याला नकार द्यावा. परदेशातल्या नोकरीसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा. त्याचं नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं. अशा एजंटला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. पर्यटक व्हिसावर ‘आधी जा, तिथे बदलून देऊ’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आणि फसवणूक झालीच, तर वेळ सर्वांत महत्त्वाचा. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी कळवलं तर बँकेला ती गोठवता येते. उशीर झाला की पैसे अनेक खात्यांत विखुरतात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि ईमेल, चॅट, व्यवहार क्रमांक, फोन नंबर यांतलं काहीही पुसू नये. कागदपत्रं दिली असतील तर संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहावं. चारही पतमापन संस्थांकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल मागवून नको ते कर्ज निघालं नाही ना, याची खात्री करावी. पैसे गेले नसले, फक्त संशयास्पद संदेश आला असला, तरी संचार साथीवरच्या ‘चक्षू’ सुविधेत तो कळवावा. आपली एक तक्रार पुढच्या शंभर जणांना वाचवू शकते.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले. त्यात नोकरीच्या नावाने गेलेला प्रत्येक रुपया कमाई सुरू होण्याआधीच गेलेला आहे. बहुतेकदा तो आईच्या दागिन्यांतून किंवा बापाच्या पीक-कर्जातून आलेला असतो. म्हणून कॉलेजांनी शेवटच्या वर्षात मुलाखतीच्या तयारीइतकाच वेळ या विषयाला द्यावा, रोजगार मेळावा भरवणाऱ्यांनी गोळा केलेल्या माहितीचा हिशेब द्यावा, आणि पालकांनी फसून आलेल्या मुलाला रागावण्याआधी १९३० लावावा. नोकरी मागणं हा गुन्हा नाही. नोकरी मागणाऱ्याची माहिती विकणं हा गुन्हा आहे, आणि तो करणाऱ्याला शिक्षा होईपर्यंत आपण गप्प बसता कामा नये.